कणकेची पंधरा मिनिटं

मित्रांनो, मी पखवाज. वयाने जुना, आवाजाने अजून ठीक. पण गेले काही आठवडे माझा जीव थाऱ्यावर नाही. का, ते तुम्हाला सांगतो.

माझं खोड शिसवाचं. एका कारागिराने ते आतून कोरून पोकळ केलं आणि दोन्ही तोंडांवर कातड्याच्या पुड्या ताणून बसवल्या. उजव्या पुडीवर काळी शाई कायमची असते. डाव्या पुडीवर मात्र दर वेळी ओली कणीक थापावी लागते. कणकेने पुडी जड होते, आवाज खाली उतरतो, खोल होतो. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची, पुढच्या वेळी पुन्हा नवी लावायची. कणकेशिवायही मी वाजतो, पण डबा वाजावा तसा.

डिलाईल रोडच्या एका चाळीत मी कितीतरी वर्षं भजनाला बसलो. माझी थाप पडली की खालच्या मजल्यावरची माणसं जेवण टाकून वर यायची. मग मंडळातलं कोणी विरारला गेलं, कोणी डोंबिवलीला. एका गणपतीत माझ्यावरची कणीक न काढताच मला कपाटावर ठेवलं. झुरळांनी कणीक खाल्ली आणि कणकेबरोबर पुडीही कुरतडली. सहा वर्षं कोणाला पत्ता नव्हता.

मला खाली काढलं प्राचीने. ही रसायनशास्त्र शिकलेली, मोजकं बोलणारी मुलगी. तिने नवी पुडी बसवून घेतली आणि त्याच चाळीत मुलांना भजन नि पखवाज शिकवणारी छोटी संस्था सुरू केली. शिकवायला शामराव आले. गोदीतून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. दहा मुलांची तीस झाली, खोली पुरेना, आणि संस्थेने वाढायचं ठरवलं.

प्राचीने फळ्यावर नावं लिहिली: डिलाईल रोड, माझगाव, वडाळा, गिरगाव. जूनपर्यंत चार केंद्रं. तिने एका तासाची मिनिटं मांडली, आणि तिचा खडू अडला.

"काका, पंधरा मिनिटं नुसती कणकेत जातात. डाव्या पुडीलाही कायमची शाई चढवली तर?"

"मिनिटं वाचतील गो बाय," शामराव म्हणाले. "पण आवाज जाईल, त्याचं काय?"

प्राचीने खडू खाली ठेवला. मग म्हणाली, "बुधवारी माझगावला पहिला तास आहे. कणीक आणि शिकवणं, दोन्ही तासात बसलं तर राहू दे. नाही बसलं तर शनिवारी याला पुडीवाल्याकडे नेते."

मित्रांनो, चार दिवस मी नुसता ऐकत होतो. जिन्यात पाऊल वाजलं तरी पुडी थरथरायची. शाई एकदा चढली की माझा खोल आवाज परत येणार नव्हता.

माझगावची खोली तिथेच राहणाऱ्या ऑलिव्हियाने मिळवून दिली होती. तिची मुलगी शिकायला बसणार होती. वेळ वाचावा म्हणून प्राचीने तिला आदल्या दिवशी निरोप पाठवला: "पीठ मळून ठेव."

"टेन्शन नाय अंकल, सगळं रेडी आहे," असं म्हणत ऑलिव्हियाने पातेलं पुढे केलं. शामरावांनी गोळा घेतला, लावला, थाप मारली. आवाज आला, पण ओशाळलेला. दुसऱ्या थापेला गोळा हलला. तिसऱ्या थापेला पुडीवरून घसरून थेट शामरावांच्या मांडीवर पडला.

शामरावांनी बोट नाकाशी नेलं. "अगो, ह्याला ताडीसारखा वास येतोय! काय आहे हे?"

"फुग्यांचं पीठ, अंकल. फुगे म्हणजे आमचे गोल तळलेले पाव. उद्या घरी बारसं आहे ना, तळायला लागतात. मैदा, यीस्ट, नारळाचं दूध..."

"म्हणजे माझा पखवाज तळायचा होता?"

मुलं लोळून हसली. ऑलिव्हिया लाल झाली. "अरे, प्राची पीठ बोलली! कणीक बोलली असती तर मी चपातीची आणली असती ना!"

ती धावत घरी जाऊन गव्हाचं पीठ घेऊन आली. आता मळायलाही वेळ हवा होता. शामरावांनी पीठ मुलांच्याच हातात दिलं. एकेकाने चिमूटभर कणीक लावायची, थाप मारायची आणि सांगायचं, जास्त झाली की कमी. "जास्त!" "नाय रे, कमी!" "तुझे कान धुऊन ये आधी!" शेवटी ऑलिव्हियाच्या मुलीने एक कण काढला, आणि माझा आवाज लागला. सगळे एकदम गप्प झाले. कोणीही सांगितलं नव्हतं, तरी.

तास संपला. एकही बोल शिकवून झाला नव्हता. प्राचीची वही उघडीच होती.

"काका," तिने हळूच विचारलं, "तुम्ही नसाल त्या दिवशी हे कोण करेल?"

शामराव मला खरवडत होते. हात थांबला नाही. "आज? कोण नाय."

प्राचीने वहीत लिहिलं: कणीक लावणारा माणूस, एक.

शुक्रवारच्या बैठकीत संस्थेचे अध्यक्ष रघुवीर तिच्यावर उखडले. "चारची दोन केंद्रं? ही वाढ की घट?"

"केंद्रं चार काढू, पण कणीक लावणारा माणूस एकच आहे," प्राची म्हणाली. "आणि ती पंधरा मिनिटं म्हणजेच शिकवणं आहे, हे मला कळलं नव्हतं. आणखी तीन माणसं तयार होईपर्यंत वडाळा आणि गिरगाव थांबतील." रघुवीरांना ते पटलं नाही. पण तयार माणसाचं नाव त्यांनाही सुचवता आलं नाही.

शनिवार आला आणि गेला. मला कोणी पुडीवाल्याकडे नेलं नाही.

आता दर बुधवारी कणीक लावायला शिकायला माझ्यासमोर ऑलिव्हिया बसते. ती चुकते, चिडते, "अंकल, लागला का?" म्हणून विचारते. शामराव खिडकीबाहेर बघत म्हणतात, "माका काय विचारतंस? कान तुझे." मग ती पुन्हा थाप मारते. शामरावांची बोटं हल्ली थरथरतात, हे मला तिच्याआधी कळलं आहे. म्हणून माझी धास्ती अजून गेलेली नाही.

मित्रांनो, तुमच्या घराजवळ एखादं वाद्य वाजवणारे आजोबा असतील, तर त्यांचं कौतुक करून निघून येऊ नका. त्यांच्याजवळ शिकायला बसा. हात खराब होतील, होऊ द्या.