शेतराखणीची बंदूक

शके १९४७, आश्विन शुद्ध नवमी, बुधवार. स्थळ ठाणे, नौपाडा. महिपतरावांच्या घरातील बाहेरची खोली. खंडेनवमीनिमित्त पाटावर विमलाबाईंची विळी होती, वागळे इस्टेटीतल्या नोकरीतले पाने-पक्कड होते आणि मधोमध, झेंडूच्या माळेत, वडिलांकडून आलेली ठासणीची एकनळी बंदूक होती. तिच्या परवान्याची मुदत डिसेंबरात संपत होती. पुढे ती घरात राहणार की जाणार, एवढीच चिंता महिपतरावांना पंधरा दिवस पोखरीत होती.

टेक्सासहून रजेवर आलेला ऋतुराज पूजेकडे पाहून हसला. ‘‘बाबा, एका बंदुकीसाठी किती हेलपाटे! निवडणूक आली की पोलिसांत जमा करा, संपली की आणा. माझ्याकडे तिकडे तीन आहेत. दुकानात गेलो, माझ्यावर गुन्हा नाही एवढं तपासलं, की झालं. कशाला हवी, असं कुणी विचारलंसुद्धा नाही.’’

‘‘तीन?’’ विमलाबाई उदबत्ती हातात धरून थबकल्या. ‘‘ठेवतोस कुठे रे?’’

‘‘एक उशाशी असते.’’

‘‘आणि झोप लागते?’’

‘‘आई, तिकडे सगळ्यांकडेच असतात. हक्क आहे तो.’’

महिपतराव वादाला कधी मागे हटत नसत. ‘‘हक्काला कारण द्यावं लागत नाही, हे मान्य. पण कारणावाचून घरात आलेली बंदूक पुढे स्वतःच कारण शोधू लागते. आमच्याकडे दर खेपेला विचारतात, कशासाठी? मला ते विचारणं आवडतं. माणसाला उत्तर देता आलं पाहिजे.’’

नेमके त्याच वेळी परवाना-नूतनीकरणाच्या चौकशीसाठी हवालदार बाबुराव दारात उभे राहिले. चहाचा पहिला घोट घेऊन ते म्हणाले, ‘‘पोलीस ठाण्यातली शस्त्रपूजा उरकून सरळ इकडेच आलो, काका. बोला, कशासाठी हवी?’’

महिपतराव पाटावरच्या बंदुकीकडे पाहू लागले.

‘‘स्वसंरक्षण सांगा,’’ ऋतुराज पुटपुटला.

‘‘कुणापासून? समोर राहणाऱ्या दातांच्या डॉक्टरांपासून?’’ महिपतराव म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांपुढे आंबिवलीची नदीकाठची भातखाचरे उभी राहिली. आश्विनात दाणा भरू लागला की रानडुकरे उतरत. तिन्हीसांजेला वडील शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढत, नळीत दारू ठासत आणि आभाळाकडे एक बार काढीत. तो कुणाला मारण्यासाठी नसेच. क्षणभर सारे शिवार स्तब्ध होई. मग पलीकडच्या माळ्यावरून दुसरा बार येई, ओढ्यापल्याडून तिसरा. प्रत्येक शेतकरी शेजाऱ्याला जणू सांगे, मी जागा आहे, तू निर्धास्त भाकरी खा. जळक्या दारूचा तो वास वडिलांच्या सदऱ्याला दिवाळीपर्यंत येत असे. त्या सदऱ्याला बिलगून बसलेल्या महिपतला साऱ्या जगाची राखण होत असल्यासारखे वाटे. आता त्या खाचरांवर इमारती होत्या, आणि तिथे बार काढला असता तर उत्तर पोलिसांच्या गाडीने दिले असते.

‘‘शेतराखण सांगू का?’’ त्यांनी चाचरत विचारले.

‘‘सातबारा दाखवाल?’’

‘‘जमीन मागच्या परवान्यानंतर विकली. वडिलांची आठवण म्हणून ठेवली आहे, असं लिहा.’’

बाबुरावांनी मान खाली घातली. ‘‘मला लिहायला हरकत नाही, काका. पण साहेब मलाच विचारतील, ही कसली गरज?’’

‘‘म्हणजे तुमचाच कायदा तुमची बंदूक नेणार,’’ ऋतुराज म्हणाला; पण बापाचा चेहरा पाहून त्याच्या आवाजातली थट्टा ओसरली. ‘‘बाबा, वकील गाठू या. खर्च मी करतो.’’

महिपतरावांनी बंदुकीच्या दस्त्यावरून हात फिरवला. वडिलांचा तळवा जिथे टेकत असे, तिथे लाकूड गुळगुळीत झाले होते. वकील गाठला असता तर एखादे कारण सापडलेही असते. ते कारण घेऊन या पाटासमोर बसता आले असते का, याचा विचार करीत त्यांनी पत्नीकडे पाहिले.

विमलाबाईंनी बंदुकीवर हळदकुंकू वाहिले, अक्षता टाकल्या आणि पदराला हात पुसले.

‘‘शेत नाही, डुकरं नाहीत. उद्या दसरा आहे, परवा जमा करून टाका.’’