जवाखालचा भात

गिल्सू गाडीतून उतरला तेव्हा बोंगिम अंगणात लसूण सोलत बसली होती. गुडघे ठणकत होते, बोटं चरचरत होती, आणि धाकट्या भावाचा चेहरा पाहूनच तिनं ओळखलं, स्वारी काहीतरी मागायला आलीय.

"ताई, तो जुना पत्र्याचा डबा दे ना. पोरंच उरली नाहीत म्हणून गावची शाळा बंद झाली. आता तिथं जुन्या वस्तूंची खोली करतोय आम्ही. माझी टोपी, माझं दप्तर, माझा डबा..."

"डबा माझाय."

"तेच ते. डब्याखालच्या चिठ्ठीवर माझं नाव घालू. शाळा पूर्ण केलेल्यांचीच नावं लावायची असं कमिटीत ठरलंय. तू चौथीतच सोडलीस ना."

सोडलीस म्हणे! हेडमास्तर होऊन निवृत्त झाला, पण अक्कल काही आली नाही. तिला शाळेतून काढून सोल शहरात, केसांच्या विगांच्या कारखान्यात कामाला धाडलं, म्हणून याची फी भरली गेली. भांडायचं त्राण आता तिच्यात नव्हतं. पण त्या शाळेत, एका कोपऱ्यात का होईना, तिला आपलं नाव हवं होतं.

"जेवून जा," ती म्हणाली आणि आत गेली.

बाहेर आली ती डबा भरूनच. वर काळपट जवाचा थर. गिल्सूनं चमचा खुपसला, तर खाली पांढराशुभ्र भात. त्याचा हात तिथंच थांबला.

त्यांच्या लहानपणी तांदूळ वाचवायचा सरकारी हुकूम होता. भातात जव मिसळलेले नसले की मास्तर शिक्षा करायचे. आई एकुलत्या लेकासाठी जवाखाली भात लपवायची, लेकीला नुसते जव. मास्तर चमचा तळापर्यंत घालायचे. तपासणीची कुणकुण लागली की गिल्सू रडत ताईच्या वर्गाच्या खिडकीशी हजर. ती डबे बदलायची आणि आपल्या वर्गात शिक्षा म्हणून दोन्ही हात वर करून उभी राहायची. तपासणी संपली की भात परत त्याचा.

"पांढरा भात माझ्या वाट्याला यायचा तो शिक्षेपुरता," बोंगिम म्हणाली. "खायला कधीच नाही. ने डबा. घाल तुझं नाव."

गिल्सू उठला. साठी ओलांडलेल्या त्या हेडमास्तरानं भर अंगणात दोन्ही हात वर केले.

"अरे मेल्या, खाली घे! शेजारीण बघतेय."

"चिठ्ठीवर तुझं नाव घालतो, ताई."

"आणि कमिटी?"

"कमिटी गेली खड्ड्यात." त्याचे हात काही खाली येईनात.

बोंगिमनं डबा आपल्याकडे ओढला आणि पहिला घास स्वतः घेतला.