अळणी पाव

"मीठ गेलं, लोणी गेलं, आता श्वाससुद्धा हिला विचारून घ्यायचा," बेकरीवाले काथवटीतल्या पिठाला सांगत होते. त्यांची पाठ दाराकडे होती आणि दारात, हातभर अंतरावर, बायको उभी होती.

"ऐकलं बरं का मी."

"तुला नाही, पिठाला बोललो."

"मग हळू बोला. त्याचंही प्रेशर वाढायचं."

बेकरीवाल्यांना रक्तदाब निघाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. नुसत्या गोळीनं भागायचं नाही; खाणं, चालणं, झोप, डोक्यावरचा भार, सगळं मिळून बघायला हवं. घरच्यांनी ते मनावर घेतलं, म्हणजे सोपं होतं तेवढं. बायकोनं जेवणातलं मीठ कमी केलं आणि मळताना चिमूटभर कच्चं पीठ जिभेवर ठेवायची त्यांची सवयही मोडली. लेकीनं श्वासाचा व्यायाम शोधून आणला: पीठ दाबताना सोडायचा, उचलताना घ्यायचा. धाकटा भाऊ त्यांना फिरायला नेऊ लागला आणि पहिल्याच वळणावर स्वतः बाकावर बसू लागला. झोपेचा विषय निघाला तेव्हा मात्र सगळे खिडकीबाहेरचं झाड बघत बसले होते. कारण गाव झोपेत असताना पीठ मळायचं ते बेकरीवाल्यांनीच. काथवटीला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. ती काढून घेतली तर माणूस उरेल का, या धास्तीनं बायको इतके दिवस गप्प होती.

त्या सकाळी पीठ असं काही फुगलं, की काथवटीच्या कडेवरून ओसंडून फळीवर आलं. "बघ, श्वासाचा गुण!" लेक हरखली. पाव भाजून निघाले, खपायलाही लागले. तेवढ्यात शेजारच्या शिक्षिकाबाई अर्धा पाव हातात घेऊन परत आल्या.

"अहो, पथ्य तुम्हाला आहे की आख्ख्या गल्लीला?"

लेकीनं तुकडा तोडून तोंडात टाकला आणि कपाळावर हात मारला. "बाबा, मीठच नाही!"

मीठ नसलं की यीस्टला लगाम राहत नाही, हे त्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असायचं. पण सगळे फुगलेल्या पिठाचं कौतुक करत बसले होते.

"चव बघू देत नाहीस, मग कळणार कसं?" बेकरीवाले बायकोवर उखडले. "आणि या पोरीचा श्वास मोजताना मीठ राहिलं!"

"बरं, उद्यापासून श्वास बंद," बायको म्हणाली.

"श्वास बंद केला तर प्रश्नच मिटला!"

शिक्षिकाबाईंसकट सगळे खदखदून हसले. बेकरीवालेही हसत हसत मैद्याच्या पोत्यावर टेकले आणि हसता हसताच त्यांचे डोळे मिटले. मान कलली. भुवयांवर पीठ, ओठांवर अजून हसू, आणि माणूस गाढ झोपेत.

लेकीनं आईकडे पाहिलं. आईनं ओसंडलेलं पीठ पुसायला फडकं उचललं, परत ठेवलं. दोष मिठावर ढकलणं सोपं होतं. श्वासावर त्याहून सोपं. ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि गुडघ्यावर हात ठेवून त्यांना हलकेच हलवलं.

"काय गं?" ते दचकले. "पाव लागला का खाली?"

"पाव ठीक आहे," ती म्हणाली. "अहो, तुम्ही दमलाय. पहाटेचं पीठ आता लेकीला मळू द्या."