टोपीवरचा हात

बॉलर मागे वळून ओरडत होता, यष्टिरक्षक उड्या मारत होता. म्हाताऱ्या पंचांना मात्र उघडी तोंडंच दिसली. त्यांनी नेहमीसारखं डोळ्यांच्या कोपऱ्यातून स्क्वेअर लेगकडे पाहिलं. तिथे दुसरे पंच म्हणून उभ्या असलेल्या साडूंचा हात टोपीवर होता. पंचांनी बोट वर केलं.

टोपीवर हात म्हणजे चेंडूला बॅटची कड लागली, ही दोघांची ठरलेली खूण. सारा जन्म यंत्रमागांच्या खडखडाटात गेला, त्यातच कान गेले. पण हे सांगायचं कुणाला? रविवारचा हा पांढरा कोट अंगावरून उतरला, तर माणसाने आठवडाभर वाट तरी कशाची बघायची? बायको म्हणे, "एकदा कान दाखवून या." हे म्हणत, "मळ साठलाय गं." शेवटी साडूच म्हणाले होते, "माझे कान चांगले तिखट आहेत. चालवू की दोघांत!" दोन हंगाम बिनबोभाट गेले. पंचांचा निर्णय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं खेळाडू म्हणायचे. त्याची यांना मनातून लाज वाटे.

बाद झालेला बॅट्समन बाजारातला शिंपी, चाळिशी उलटलेला. तो भांडला नाही. त्याने बॅटकडे पाहिलं, पंचांकडे पाहिलं, त्याचे ओठ हलले आणि तो चालू लागला. सीमेवर त्याची धाकटी लेक टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच धरून उभी होती.

तेवढ्यात साडू धापा टाकत आले आणि पंचांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "अहो, काय केलंत हे! वाऱ्याने टोपी उडत होती म्हणून धरली मी. चेंडू पॅडला घासून गेला!"

पंचांनी वळून शिंप्याकडे पाहिलं.

"जाऊ द्या आता," साडू म्हणाले. "परत बोलावलंत तर का म्हणून विचारतील. काय सांगणार आहात?"

शिंपी सीमेजवळ पोचला होता. ती ओलांडली की संपलंच. पंच कोट सावरत त्याच्यामागे धावले. "थांबा! परत या, तुम्ही नाबाद आहात!"

समोरच्या संघाचा कप्तान तावातावाने आडवा आला. काहीतरी बोलला.

"मोठ्याने बोला."

"आधी आउट, मग नॉटआउट! चाललंय काय, काका?"

"मला ऐकू येत नाही!" आपला आवाज किती चढलाय, हे त्यांना कळलं नाही. सीमेवरच्या सगळ्या माना वळल्या. "कड लागली की नाही, मला समजलंच नाही. तरी बोट वर केलं. चूक माझी, एकट्याची."

साडू काही बोलायला पुढे सरसावले. पंचांनी त्यांना डोळ्यांनीच दटावलं.

कप्तानाची मान खाली गेली. शिंपी परत फिरला, जाताना पंचांच्या दंडाला हात लावून गेला.

पंचांनी खिशातून चेंडू मोजायचे खडे काढले आणि साडूंच्या ओंजळीत घातले.

"अहो, एवढी ओव्हर तरी पुरी करा," साडू म्हणाले.

"नको. आता तुम्हीच उभे राहा इथे."

बाहेर बाकावर टेकल्यावर त्यांच्या लक्षात आलं, बॉलरचा स्वेटर अजून आपल्याच कमरेला बांधलेला आहे. तो सोडून, नीट घडी घालून त्यांनी मांडीवर ठेवला. मैदानात शिंप्याने बॅट फिरवली. शेजारी त्याची लेक नाचायला लागली, तेव्हा त्यांना कळलं, चेंडू बॅटला लागला.