ज्याची त्याची गोळी

"हं, ही तुझी," म्हणत ऑर्वो केतोलाने फळीकडे न बघताच काडतुसांचा खोका ओढून काउंटरवर ठेवला.

"बायकोचा वाढदिवस विसरतो, पण आमच्या गोळ्या बऱ्या लक्षात राहतात!" रांगेतून कुणीतरी टोमणा मारला. सारे दुकान हसले. समोरचा वेइकोही हसला आणि खोका खिशात घालून निघून गेला.

उद्या पंधरा नोव्हेंबर. हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. सरोवराकाठच्या या गावात ऑर्वोकडे गोळी मागावी लागत नसे. कुणाची बंदूक कोणती, कोण दाट देवदारांत दबा धरतो, कोण मोकळ्या कुरणाच्या कडेला, हे सारे जाणून छत्तीस वर्षे तो माणूस पाहूनच खोका काढीत आला होता. त्याचा लौकिक तेवढाच होता, आणि तेवढा त्याला पुरत असे.

दुपारी फळी लावताना त्याचा हात थबकला. वेइकोला एकशे ऐंशी ग्रेन वजनाची गोळी गेली होती. वेइकोची तर एकशे पन्नासची. नेमही त्याने त्याच वजनावर बसवलेला. ही जड, कठीण गोळी थोराड जनावरांसाठी. हरणाच्या अंगात ती न पसरताच आरपार जाते, आणि हरीण दलदलीत शिरून कुठेतरी तडफडून मरते. जखमी हरीण हरवणे ही इथे चोरीहून मोठी नामुष्की.

दुकानाच्या मालकाला सांगून ऑर्वोने गाडी काढली.

रानातल्या आपल्या घरात वेइको शेगडीपाशी मोजे वाळवत होता. "अरे, गिऱ्हाइकं सोडून इकडे कुठे?"

"चुकीचा खोका गेला. हा घे."

वेइकोने हात पुढे केला नाही. मेजावर सकाळचा खोका न उघडताच पडला होता. शेजारी दुसरा, एकशे पन्नासचा.

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग तिथंच बोलायला काय झालं होतं?"

"दुकानात माणसं होती रे."

ऑर्वो खाली बसला. बुटांवरचे बर्फ वितळून फरशीवर ओघळू लागले.

"पहिल्यांदाच ना?"

वेइकोने कॉफी ओतली, वेलचीचा पाव पुढे सरकवला. "गेल्या वर्षीपण. या रस्त्यावरचे आम्ही सगळे घरी येऊन खोके बघतो, आपापसात बदलून घेतो. ज्याची त्याला पोचते. तू नको काळजी करूस."

ऑर्वोने कप तसाच बाजूला सरकवला.

"उद्यापासून काउंटर सोडतो," ऑर्वो म्हणाला.

"वेडा आहेस का? पेन्सिल काढ. लिही. यालमार निएमी, बंदूक तीस-तीस, गोळी एकशे सत्तर. हैक्किलाची राऊहा, दोनशे त्रेचाळीस, शंभर."

"सावकाश सांग."

वेइको सावकाश सांगू लागला. खोक्याच्या पुठ्ठ्यावर नावे उतरत गेली.

"केतोला, ऑर्वो," वेइको शेगडीत लाकूड सारत म्हणाला. "तीनशे आठ. एकशे पन्नास."

पेन्सिल क्षणभर थांबली. मग ऑर्वोने चष्मा पुसला, आणि स्वतःचे नावही वळणदार अक्षरात लिहून घेतले.