पालथ्या चिठ्ठ्या

"वहिनी, सोमवारी सकाळी नव्या कोशाचा फर्मा छापायला जातोय," संपादक फोनवर म्हणाले. "तोवर सरांनी लावलेला अर्थांचा क्रम हाती आला नाही, तर जुन्या कोशातली नोंद जशीच्या तशी उचलावी लागेल."

जुना कोश! ज्याच्या चुका काढण्यात आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं घातली, तोच. मला रडूच कोसळलं.

शब्द एकच, लॅटिन: कुरा. अर्थ सात. चिंता. आस्था. शुश्रूषा. सरकारी कारभार. भान हरपलेल्या माणसाचं पालकत्व. कष्टाने लिहिलेला ग्रंथ. लाडकं माणूस. प्रत्येकाची एक चिठ्ठी, माझ्याच हातची, कारण ह्यांचं अक्षर ह्यांना स्वतःलाही लागत नाही. कुठला अर्थ आधी आणि कुठला मागून, यावर आठ महिने घोळ चालला होता. आकडे घालायची मला सक्त मनाई. एखादी चिठ्ठी जागेवर बसली, की हे ती पालथी घालत. पालथी चिठ्ठी मग कुणी हलवायची नाही. टेबल पुसताना मीसुद्धा तिच्या कडेकडेने फडकं फिरवायची.

मंगळवारी सातही उताण्याच होत्या, आणि ह्यांच्या मेंदूत गुठळी झाली. वाचा गेली, उजवा हात गेला. समजतं किती, ते डॉक्टरही सांगेनात.

रविवारी दुपारी मी चिठ्ठ्या दवाखान्यात नेल्या. जेवणाचा ट्रे ह्यांच्या मांडीवर ठेवून त्यावर ओळीने मांडल्या.

"अहो, पहिली कुठली? नुसतं बोट लावा."

हे छताकडे बघत राहिले. मी विनवलं, दटावलं, शेवटी भडकलेच. "जन्मभर मला शिकवलंत, आता एक बोट उचलवत नाही तुम्हाला?" सिस्टर पडद्याआडून डोकावून गेली. माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात डावा हात हलला. एक चिठ्ठी पालथी झाली. मग दुसरी. तिसरी. मी घाईघाईने लिहून घेऊ लागले. देवा, कळतंय ह्यांना!

मग मी वर पाहिलं. डोळे अजून छतावरच होते. बोटं हाताला लागेल ते उलटत होती. सातही चिठ्ठ्या झाल्या, मग कागदी रुमाल उलटला, मग चष्म्याचं घर.

"आता मी काय करू हो?" म्हणत मी रिकामा तळहात ह्यांच्यापुढे धरला.

तोही त्यांनी उलटला. ट्रेवर पालथा घातला आणि वर आपला हात ठेवून दाबून धरला.

कळून केलं की नुसती बोटांची सवय, मला ठाऊक नाही. आता कधी कळणारही नाही. माझा तो पालथा हात मी हलवला नाही. दुसऱ्या हाताने एकेक चिठ्ठी उताणी केली, पेन्सिल घेतली, आणि चिंतेवर पहिला आकडा घातला. पुढे कुणी चुका काढल्याच, तर त्या माझ्या.