करंगळीची दोरी

"अण्णा, परत दाबलाव व्हय तुम्ही?"

तापलेला तवा लागल्यासारखे भगवानराव अण्णांनी कीबोर्डवरून हात उचलले. काळ्या पडद्यावर चाललेलं काम मध्येच तुटून पडलं होतं. कोळारच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गोदामात कुठं किती माल आहे ते जुळवणारं हे काम रोज सकाळी चालवायचं. तुटलं की पुन्हा पहिल्यापासून, आणि बाहेर अडकलेले ट्रकवाले आमच्या नावानं शंख करतात.

किती सांगायचं माणसाला? टर्मिनलमध्ये, म्हणजे या काळ्या पडद्यावर, कंट्रोल आणि सी म्हणजे कॉपी नव्हे, चालत्या कामाचा गळा दाबणं. कॉपी करायची तर सोबत शिफ्टही दाबायची. बाकीचं अण्णा पटापट शिकले. वरचा बाण दाबला की मागची कमांड येते, टॅब दाबला की अर्धं नाव पुरं होतं. हे एवढं एकच डोक्यात शिरेना. डोक्यात शिरलं होतं हो, बोटात शिरत नव्हतं. भालकीत त्यांचं लग्नपत्रिकांचं डीटीपीचं दुकान होतं. जुना मजकूर कंट्रोल-सी, वर नवी नावं, झाली पत्रिका तयार. अर्ध्या तालुक्याची लग्नं कंट्रोल दाबणाऱ्या त्या डाव्या करंगळीनं लावली. मग लोक मोबाईलवरच आमंत्रणं धाडायला लागले आणि दुकान बसलं.

आमच्या मॅनेजर राजशेखर साहेबांनी त्या दिवशी सरळ सांगून टाकलं, उद्या काम तुटलं तर भगवानराव गेटवर, शिट्टी घेऊन. गेटमधून येणारे निम्मे ड्रायव्हर अण्णांच्याच पत्रिकेवर बोहल्यावर चढलेले. अण्णांच्या वाटचं मीच चिडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी लॉगिन करायच्या आधी त्यांनी डावा हात माझ्यापुढं धरला. उजव्या हातात पत्रिकेला बांधायची लाल गोंड्याची दोरी होती, दुकानातली उरलेली.

"पंचशीलाताई, करंगळी अन् शेजारचं बोट बांधा. एका हातानं गाठ बसंना."

"येड लागलंय का अण्णा?"

"मला कळतंय. तिला कळंना. बांधा."

वैतागून मी कचकचून बांधली. काम सुरू झालं. मध्येच माल चढवणाऱ्यांनी फोनवर एका मालाचा नंबर मागितला. अण्णांनी माऊसनं नंबर निवडला आणि सवयीनं डावा हात निघालाच कंट्रोलकडं. दोरी ताणली. करंगळी जागच्या जागी थरथरली. मग त्यांनी सावकाश, एकेक आकडा तोंडानं वाचून दाखवला. काम शेवटपर्यंत गेलं. साहेब आले, पडद्याकडं बघून मान डोलावून गेले. हात त्यांना दिसला नाही, कारण अण्णांनी तो मांडीखाली दडपला होता.

गाठ सोडली तर बोट काळंनिळं पडलेलं. मला माझाच राग आला. दुखायलंय म्हणून सांगायला काय झालं होतं, म्हणून मी त्यांनाच झापलं.

"दुखू द्या," अण्णा बोट चोळत म्हणाले. "लई लग्नं लावली तिनं. आता गप बसायला शिकंल."

कुठलं शिकतंय! रोज सकाळी अण्णा येतात, डावा हात पुढं करतात आणि मी गाठ मारते, जरा सैलच. दोरीचा लाल रंग उडत चाललाय. गोंडा मात्र त्यांनी अजून कापलेला नाही.